राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना : श्रद्धा कोणाची पाहायची?

दर रविवारी मिस्सेत प्रवचन संपते, आपण उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो आणि मग श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू होतात. पहिली ख्रिस्तसभेसाठी, दुसरी राज्यकर्त्यांसाठी व जगाच्या कल्याणासाठी, तिसरी दुःखी-पीडितांसाठी आणि चौथी आपल्या स्थानिक समाजासाठी, असा त्यांचा साधारण क्रम आहे. मिस्सेतून शतकानुशतके जवळजवळ लोपलेला हा प्राचीन प्रार्थनाप्रकार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक संविधानातून पुन्हा सुरू केला. त्यातही राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना करण्यास परिषदेने आवर्जून सांगितले. या चार प्रार्थनांपैकी दुसरीकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते. आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली की डोळ्यांपुढे कोणाचा तरी चेहरा येतो. राज्यकर्त्यांचे नाव निघाले की मन इकडेतिकडे भटकू लागते.

बोईसरच्या आमच्या धर्मग्रामात मराठी मिस्सेसाठी या प्रार्थना लिहून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मी निवृत्त शिक्षक. मूळचा वसईचा, नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो आणि इथलाच झालो. आमचा धर्मग्राम म्हणजे अनेक गावांची गोधडी आहे. कोणी वसईहून आले, कोणी गोव्या-मंगळूरहून, कोणी केरळातून तर कोणी झारखंडातून. कोणी तारापूरच्या अणुशक्ती केंद्रात नोकरीला लागले, कोणी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत. पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी कुटुंबेही आमच्यात आहेत. एवढ्या निरनिराळ्या माणसांनी एका सुरात एक प्रार्थना म्हणायची, तर शब्द जपून लिहावे लागतात, आणि राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना लिहिताना तर फारच जपून.

अशाच एका बैठकीत हा विषय निघाला. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “सर, निवडणूक जवळ आली की ही मंडळी देवळात येतात, मेणबत्ती लावतात, फोटो काढून घेतात. त्यांची श्रद्धा खरी की खोटी हे आपल्याला ठाऊक नाही. मग त्यांच्यासाठी आपण वेदीसमोर उभे राहायचे?” कारखान्यात काम करणारा एक तरुण म्हणाला, “ज्यांचा आपल्या देवावर विश्वासच नाही, त्यांना आपली प्रार्थना हवी तरी आहे का?” आणि डहाणूच्या किनाऱ्यावर माहेर असलेल्या एका भगिनीने शांतपणे सांगितले, “तुम्ही लिहा सर. पण ज्यांनी आमच्या दर्यावर बंदराचा दगड ठेवला, त्यांच्यासाठीची प्रार्थना माझ्या तोंडून निघणार नाही.”

तीन माणसांच्या या तीन वेगवेगळ्या हरकती होत्या. पहिल्याला ढोंगाची चीड होती, दुसऱ्याला परकेपणा बोचत होता आणि तिसरीच्या काळजात जखम होती. या तिन्ही हरकतींना एकच ठराविक उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करावा असे मला वाटले.

प्रथम ख्रिस्तसभेची स्वतःची रीत पाहू. पवित्र शुक्रवारच्या उपासनेत दहा गंभीर प्रार्थना म्हटल्या जातात. त्यांतील सातवी ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्यांसाठी असते, आठवी देवावरच श्रद्धा नसलेल्यांसाठी, आणि नववी सार्वजनिक सत्ता हाती असलेल्यांसाठी. हा क्रम मी अनेक वर्षे ऐकत आलो होतो, पण त्यातील मर्म पुष्कळ उशिरा ध्यानी आले. कोणाला श्रद्धेचे दान मिळावे अशी इच्छा असेल, तर त्यासाठी सातवी आणि आठवी प्रार्थना आहे. नवव्या प्रार्थनेत राज्यकर्त्याची श्रद्धा विचारलेलीच नाही. सर्व लोकांना खरी शांती व स्वातंत्र्य लाभेल अशा मार्गाने देवाने त्याचे मन व अंतःकरण चालवावे, एवढेच मागितले आहे. म्हणजे राज्यकर्त्यासाठी आपण प्रार्थना करतो ती त्याच्या भक्तीचे बक्षीस म्हणून नव्हे. त्याच्या एका सहीने हजारो घरांतील चूल पेटते किंवा विझते, म्हणून ती करायची असते.

पवित्र शास्त्राची साक्षही हीच आहे. यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनला हद्दपार झालेल्या लोकांना पत्र लिहिले ते त्याच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. ज्या नगरात तुम्हांला बंदिवान करून नेले आहे त्या नगराच्या कल्याणासाठी देवाकडे प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे, असा त्याचा आशय. त्या नगराच्या राजाने यरुशलेमचे मंदिर लुटले होते, आणि पुढे ते जाळलेही! यशयाच्या ग्रंथात कोरेश या पारसिक राजाला प्रभूचा अभिषिक्त म्हटले आहे. तो राजा प्रभूला ओळखतही नव्हता, हे त्याच ठिकाणी नमूद आहे. एज्राच्या ग्रंथात तर दारयावेश राजा स्वतःच आपल्या व आपल्या मुलांच्या आयुष्यासाठी प्रार्थना करण्यास सांगतो. आमच्या तरुण मित्राचा प्रश्न होता की त्यांना आपली प्रार्थना हवी आहे का. निदान एका परधर्मी राजाला ती हवी होती.

नव्या करारात तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा आहे. संत पौलाच्या अखेरच्या वर्षांत रोमच्या गादीवर निरो होता. पुढे इसवी सन ९६च्या सुमारास संत क्लेमेंत यांनी रोमहून करिंथच्या ख्रिस्ती समाजाला पत्र लिहिले. त्यात राज्यकर्त्यांना आरोग्य, शांती व स्थैर्य लाभावे अशी सुंदर प्रार्थना आहे. आपल्या १९९२च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही तिचा समावेश आहे. त्यानंतर शंभर वर्षांनी आफ्रिकेतील तर्तुलियन या लेखकाने रोमन अधिकाऱ्यांना बजावले की आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, परंतु सम्राटाला देव म्हणणार नाही. सम्राटासाठी प्रार्थना आणि सम्राटाची पूजा यांत केवढे अंतर आहे! पहिली ख्रिस्ती माणसाने केली. दुसरी नाकारली म्हणून प्राण दिला.

रोम आणि बाबिलोन दूरचे वाटत असतील, तर आपल्या उत्तर कोकणाचाच इतिहास आठवावा. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. तारापूरच्या समुद्राकाठी आजही त्यांचा कोट उभा आहे. त्या काळी राजा कॅथोलिक होता, पोपांनी दिलेल्या अधिकाराने तो मिशनचा आश्रयदाता होता आणि त्याच्या श्रद्धेविषयी कोणालाही शंका नव्हती. तरीही त्याच राजवटीत १५६०पासून गोव्याला धर्मन्यायपीठ बसले आणि अनेकांनी त्याच्या नावाने धसका घेतला. १७३९च्या जानेवारीत तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. त्यानंतर आपल्या पूर्वजांचा राजा हिंदू होता. पुढे इंग्रज आले. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा मुंबई-साष्टीच्या बाजूच्या आपल्या बांधवांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ती राणी अँग्लिकन चर्चची प्रमुख होती, रोमच्या पोपांना मानणारी नव्हती. कॅथोलिक राजा, हिंदू पेशवा, प्रॉटेस्टंट राणी आणि १९५०पासून सर्व धर्मांना समान लेखणारे प्रजासत्ताक, अशा चार सत्ता या मातीने पाहिल्या. या अवघ्या काळात राज्यकर्त्याची श्रद्धा आपल्यासारखी आहे की नाही हे पाहूनच प्रार्थना करायची असे ठरले असते, तर गेली जवळजवळ तीन शतके आपल्या वेदीवरून ही प्रार्थना झालीच नसती.

आणि राज्यकर्त्याच्या श्रद्धेवरून त्याच्या न्यायाचा अंदाज तरी कुठे बांधता येतो? स्वतंत्र भारताचे पहिले पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू हे रूढ अर्थाने श्रद्धावान नव्हते. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे त्यांनी १९५४ साली केलेल्या मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. पण ज्या घटनासमितीत ते अग्रभागी होते आणि जिच्यात फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरूही सदस्य होते, त्या घटनासमितीने आपल्याला पंचविसावे कलम दिले. आपण आज निर्भयपणे मिस्सेला जातो ते त्याच्या आधाराने. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण हवे असेल तर गोदावरी परुळेकरांचे घ्या. त्या साम्यवादी होत्या. पण १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारली बांधवांना वेठबिगार आणि लग्नगडीच्या गुलामगिरीविरुद्ध उभे करण्यात त्यांचा आणि शामराव परुळेकरांचा पुढाकार होता. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबायचे, ही ती लग्नगडीची रीत. मोशेच्या नियमशास्त्रातील न्यायाची मागणी त्या डोंगरात पुरी करू पाहणाऱ्यांच्या ओठी देवाचे नाव नव्हते. प्रभूने शमुवेलाला सांगितले होते की माणूस बाहेरचे रूप पाहतो, प्रभू अंतःकरण पाहतो. वडीलधाऱ्या गृहस्थांच्या हरकतीला माझे उत्तर हेच आहे. मेणबत्ती लावणाऱ्याच्या मनात काय आहे याची झडती घेण्याचा अधिकार देवाने आपल्याला दिलेला नाही. त्याने आपल्या गावासाठी काय केले ते तपासण्याचा अधिकार मात्र संविधानाने दिलेला आहे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. आपल्याकडे संशय केवळ धार्मिक श्रद्धेविषयी नसतो, राजकीय निष्ठेविषयीही असतो. पालघर लोकसभेची जागा २०१८च्या पोटनिवडणुकीत आणि २०१९च्या सार्वत्रिक निवडणुकीत एकाच उमेदवाराने जिंकली, पण दोन वेगवेगळ्या पक्षांच्या चिन्हांवर. अशा वेळी सामान्य मतदाराचा राजकारणावरचाच विश्वास उडतो आणि प्रार्थनेतील तो एक शब्द, ‘राज्यकर्ते’, त्याला पोकळ वाटू लागतो.

त्याच २०१८च्या मे महिन्यात दुसरीही एक घटना घडली. दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी ८ मे रोजी आपल्या धर्मग्रामांना पत्र पाठवले. देशातील राजकीय वातावरण अशांत आहे, येत्या निवडणुकीपर्यंत देशासाठी प्रार्थना करावी, शुक्रवारी उपवास करावा, असा त्यात आग्रह होता. त्यावर मोठा गदारोळ झाला. सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी जोरदार टीका केली. पुढे २०२४च्या निवडणुकीआधी भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २२ मार्च हा दिवस देशासाठी प्रार्थना व उपवासाचा दिवस म्हणून पाळण्यास सांगितले. त्यानंतरच्या शुक्रवारी, २९ मार्चला, पवित्र शुक्रवार होता आणि २० मे रोजी पालघरचे मतदान झाले. प्रार्थना करावी तर तिच्यात राजकारण दिसते, न करावी तर देशाविषयी आस्था नाही असे म्हटले जाते. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच आहे. आपली प्रार्थना इतकी स्वच्छ असावी की ज्याच्यासाठी ती केली तो राज्यकर्ता स्वतः बाकावर येऊन बसला तरी एकही शब्द बदलावा लागू नये.

आता त्या भगिनीच्या बोलण्याकडे वळतो. तिच्या हरकतीपाशी मी सर्वांत जास्त थांबलो. वाढवण बंदराचा प्रश्न आजचा नाही. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली तिथल्या बंदराला मनाई केली होती. २०२३च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पालघर येथे पायाभरणी केली. बंदराने रोजगार येईल असे सरकार म्हणते. आमची मासेमारी बुडेल असे किनाऱ्यावरचे मच्छीमार म्हणतात. तारापूरच्या बाजूला हा अनुभव जुना आहे. अणुशक्ती केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ते संच २००५-०६मध्ये सुरू झाले, पण गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे त्यानंतरही न्यायालयात चालू राहिले. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषदेला हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले. ज्या घराने हे सोसले त्या घराला ‘राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा’ असे सहजपणे सांगणे हा निर्दयपणा होईल.

म्हणून ‘राज्यकर्त्यांना सद्बुद्धी दे’ हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य मला पुरेसे वाटत नाही. त्यात एक छुपा टोमणा आहे. सद्बुद्धी आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, असे आपण देवाला परस्पर कळवून टाकतो. शिवाय त्या वाक्यात अक्करपट्टी नाही, वाढवण नाही, कारखान्यात रात्रपाळी करणारा कंत्राटी कामगार नाही. प्रार्थना म्हणजे राज्यकर्त्याच्या निर्णयाला दिलेली संमती नव्हे. इसवी सन ३९० मध्ये थेस्सलनीकात थिओदोसियस सम्राटाच्या हुकुमावरून हजारो लोकांची कत्तल झाली. तो सम्राट तर बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती होता. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी त्याने जाहीर प्रायश्चित्त करेपर्यंत त्याला प्रभुभोजनाला येऊ दिले नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करणे आणि त्याचा अन्याय त्याच्या तोंडावर सांगणे, ही दोन्ही कामे एकाच धर्मपालाची होती.

या भगिनीला मी एवढेच म्हणालो की मनात नसलेले शब्द उच्चारण्याची सक्ती देव करीत नाही. स्तोत्रसंहितेत आक्रोश आहे, तक्रार आहे, ‘किती काळ’ असा सवालही आहे. तिचे गाऱ्हाणे देवापुढे मांडणे हीदेखील राज्यकर्त्यांविषयीचीच प्रार्थना आहे. त्यानंतर मी लिहिलेली प्रार्थना अशी होती : ज्यांच्या निर्णयाने किनाऱ्यावरील माणसांचे आयुष्य बदलणार आहे, त्यांना त्या माणसांचे म्हणणे ऐकून घेण्याचे धैर्य मिळावे, कोणाचीही भाकर हिरावली जाऊ नये आणि दिलेला शब्द पाळला जावा. त्यात कोणाचे नाव नव्हते, कोणाला शाप नव्हता, कोणाची स्तुतीही नव्हती. ती म्हणताना त्या भगिनीचे ओठ हलले की नाहीत हे मी पाहिले नाही. ते पाहणे माझे काम नव्हते.

शेवटी एक विचार वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. पौलाने निरोसाठी प्रार्थना करायला सांगितली, पण पौलाने निरोला निवडून दिले नव्हते. आपण आपले राज्यकर्ते निवडतो. त्यामुळे आपल्या तोंडी या प्रार्थनेला पहिल्या शतकात नसलेला एक अर्थ आला आहे. त्यात आता आपणही आलो. ‘राज्यकर्त्यांना प्रामाणिकपणा दे’ असे रविवारी म्हणणाऱ्याने सोमवारी मतासाठी पाकीट घेऊ नये. ‘त्यांना सत्य दिसो’ असे म्हणणाऱ्याने त्यांच्याविषयीची खोटी अफवा भ्रमणध्वनीवरून पुढे धाडू नये. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि १९९६च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला मोठे स्थान दिले आहे. त्या ग्रामसभेच्या दिवशी आपण घरी बसून राहिलो, तर दुसऱ्या प्रार्थनेचा आपला वाटा अपुराच राहील.

राज्यकर्त्याची श्रद्धा संशयास्पद असली तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी की नाही, हा प्रश्न मला आता पूर्वीइतका अवघड वाटत नाही. करावी, आणि अधिक करावी. ज्याला परमेश्वराचे भय नसेल त्याच्या हाती सत्ता असताना गोरगरिबांना अधिक सांभाळावे लागते. अवघड आहे ती पुढची पायरी. प्रार्थनेत जे मागितले ते तहसील कचेरीच्या पायरीवर, मतदानाच्या रांगेत आणि ग्रामसभेच्या सतरंजीवर बसूनही मागायचे, तेही द्वेष न बाळगता आणि न घाबरता. तेवढे बळ देवाने आपल्या सर्व कुटुंबांना द्यावे.